कुर्ता उलटा करून बघा!

'प्युअर शिबोरी आहे, मॅडम!' लिंकिंग रोडवरचा विक्रेता म्हणाला आणि मी भुलले. निळा-पांढरा, एकदम कूल कुर्ता. घासाघीस करून साडेतीनशेला पटवला. मग मावसबहिणीकडे नागोयाला जायचं ठरलं, तेव्हा तोच बॅगेत टाकला. शिबोरीच्या माहेरी जायचं तर शिबोरी नको?

नागोया म्हणजे जपानी मोटारउद्योगाची पंढरी. ताईला प्रोजेक्टमुळे सुट्टी नव्हती, म्हणून एकटीच लोकलनं निघाले. वीसेक मिनिटांत आरिमात्सु. स्टेशनबाहेर दोन मिनिटं चाललात की काळ मागे जातो. लाकडी जाळ्यांच्या खिडक्या, कौलारू छपरं, दारांवर झुलणारे निळे पडदे. 1784च्या आगीत गाव जळालं. तेव्हा शहाण्या झालेल्या व्यापाऱ्यांनी नवी घरं कौलांची आणि जाड गिलाव्याची बांधली. 2016 पासून हा भाग संरक्षित आहे.

एदो, म्हणजे आजचं टोकियो, ते क्योतो हा जुना तोकाइदो रस्ता इथूनच जायचा. 1608 मध्ये काही कुटुंबं इथं वसवली गेली. शेतजमीन बेताची, मग पोट कसं भरायचं? ताकेदा शोकुरो यांनी गाठी मारून रंगवलेले सुती पंचे वाटसरूंना विकायला सुरुवात केली. आपल्याकडे लोणावळ्याला चिक्की घेतल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही ना, तसंच! 1830च्या दशकात हिरोशिगेनं तोकाइदोची चित्रं काढली, त्यातल्या नारुमीच्या चित्रात हीच दुकानं दिसतात.

'शिबोरू' म्हणजे पिळणे, आवळणे. कापड दोऱ्यानं आवळायचं आणि रंगात बुडवायचं. आवळलेल्या जागी रंग शिरत नाही, तिथं नक्षी उमटते. थोडक्यात, आपल्या बांधणीची चुलत बहीण. पण इथं आवळायच्या शंभराहून जास्त तऱ्हा आहेत. कोळ्याच्या जाळ्यासारखी 'कुमो', हरणाच्या पाडसाच्या ठिपक्यांची 'कानोको', तिरक्या पावसासारखी 'आराशी'. आणि गंमत म्हणजे, एक कारागीर सहसा एकच तऱ्हा करतो, जन्मभर!

गावातल्या शिबोरी संग्रहालयात एक आजी कुमो बांधत बसल्या होत्या. आकड्यात कापड अडकवलं, चुण्या धरल्या, दोरा गरगर फिरवला, झाली गाठ. पुन्हा तेच. माझ्या कुर्त्याकडे बघून त्या छान हसल्या. मी खूश! मग त्यांनी हळूच कुर्त्याचं टोक उलटं केलं. आतली बाजू फिकट, जवळजवळ पांढरी. 'पुरिंतो,' त्या म्हणाल्या. प्रिंट! या शब्दासाठी दुभाष्याची गरज नव्हती. त्यांनी हातातलं कापड पुढे केलं. दोन्ही बाजूंनी सारखीच नक्षी, आणि कुठलीही दोन वर्तुळं हुबेहूब एकसारखी नाहीत. माझ्या कुर्त्यावर मात्र तेच वर्तुळ दर वीतभर अंतरावर हजर.

अंगभर कानोको केलेल्या किमोनोची नुसती बांधणी करायला वर्षाहून जास्त काळ लागू शकतो. ही चैन इतकी बोकाळली होती की 1683 मध्ये शोगुनच्या सरकारनं तिच्यावर बंदीच घातली. आज बंदीची गरज नाही, कारण बांधणारेच कमी उरलेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बरंचसं बांधकाम स्वस्त मजुरीसाठी आधी कोरियात, मग चीनमध्ये गेलं. इथं उरलेले हात बहुतेक वयस्कर. पूर्वी घरोघरी बायका नगावर पैसे घेऊन बांधायच्या. मी शब्दांवर पैसे घेते, त्यामुळे हे गणित मला पटकन कळलं. साडेतीनशेत त्या गाठींचे पैसे बसतील कुठून?

1992 मध्ये नागोयात पहिलं आंतरराष्ट्रीय शिबोरी संमेलन भरलं. दुसरं 1996 मध्ये कुठे? आपल्या अहमदाबादला! दुखणंही सारखंच आहे, छापील बांधणी आपल्याकडेही ढिगानं मिळतेच की.

किमोनो माझ्या बजेटच्या पार बाहेर होता. एक रुमाल घेतला. गाठींचे उंचवटे तसेच आहेत, त्यामुळे इस्त्री करायची हिंमत होत नाही.

तो कुर्ता मी अजूनही घालते, उगाच खोटं कशाला बोलू? फक्त त्याला शिबोरी म्हणत नाही. आणि तुम्हीही पुढच्या वेळी पाकीट काढण्याआधी एवढं कराच. कापड उलटं करून बघा.