हर्स्टालच्या दोन बंदुका

बेल्जियममधील लिएज शहरातून म्यूज नदीच्या काठाने प्रवाहाबरोबर खाली निघाले, की शहर केव्हा संपले आणि हर्स्टाल केव्हा लागले हे कळतही नाही. काळवंडलेल्या विटांची घरे, नदीतून संथपणे जाणारे मालवाहू पडाव, कारखान्यांच्या लांबलचक भिंती. निसर्गशोभेसाठी कोणी मुद्दाम यावे असे हे गाव नव्हे. परंतु बंदुकीच्या कारागिरीत ज्याला रस आहे, त्याची वाट येथे येतेच. बंदुकीच्या नळ्यांची परीक्षा घेऊन त्यांवर छाप उठविण्याची लिएजची परंपरा १६७२ पासूनची आहे. पुढे १८८९ साली बेल्जियन सरकारसाठी दीड लाख माउझर रायफली बनविण्याच्या निमित्ताने ‘फाब्रिक नास्योनाल’ हा कारखाना हर्स्टालमध्ये उभा राहिला. तो आजही तेथे आहे.

अमेरिकेतील ऑग्डेन गावचा जॉन मोझेस ब्राउनिंग १९०२ साली आपली अर्धस्वयंचलित छऱ्याची बंदूक घेऊन येथे आला. रॉयल्टीच्या प्रश्नावरून विंचेस्टरशी त्याचे बिनसले होते. रेमिंग्टनच्या दारी गेला, तर भेटीच्या दिवशीच त्या कंपनीचे अध्यक्ष हृदयविकाराने निवर्तले. तेव्हा त्याने अटलांटिक ओलांडला. नळीतील एक व पोटातील चार अशा पाच काडतुसांवरून पुढे ‘ऑटो-५’ म्हणून ओळखली गेलेली, पाठीला चौकोनी कुबड असलेली ही बंदूक हर्स्टालने जगभर पोचविली. ब्राउनिंगला मृत्यू आला तोही याच कारखान्यात, १९२६ साली, मुलाच्या कचेरीत.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत या बारा बोअर बंदुकीची हलकी आवृत्ती निघाली. दोन्ही एकत्र पाहण्याचा योग हर्स्टालमधील एका वृद्ध कारागिराकडे आला. त्याने टेबलावर जाड कापड अंथरले आणि काहीही न बोलता दोन्ही बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या. नजरेला फरक जवळजवळ नाहीच. हलकीचा चाप तेवढा सोनेरी मुलाम्याचा. हातात घेतल्यावर मात्र भेद कळतो. जुनी सुमारे साडेतीन किलोंहून थोडी अधिक, नवी तिच्याहून पाव किलोने, फार तर तीनशे-साडेतीनशे ग्रॅमने कमी. हा भार कमी करताना स्वस्त धातूचा आसरा घेतलेला नाही. यंत्रणा जिच्यात बसते ती पेटी पोलादाचीच आहे. आतून, जेथे ताण पडत नाही तेथे, ती कोरून काढली आहे आणि नळीही सडपातळ केली आहे.

पाव किलोचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. सकाळपासून दुपारपर्यंत नांगरटीतून तित्तिरांमागे चालणाऱ्याला ते विचारावे! तो दिवसभरात बार काढणार चार-सहा, आणि ओझे वाहणार सहा तास. त्याला हलकी बंदूक वरदान वाटली तर नवल नाही. परंतु तळ्याकाठी दबा धरून बदकांची वाट पाहणाऱ्याला ओझे कसले? त्याचे बार पुष्कळ, आणि तेच काडतूस हलक्या बंदुकीतून उडविले की खांद्यावरचा धक्का सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. शिवाय या बंदुकीत बार होताच नळी व बोल्ट एकत्र मागे सरकतात, मग नळी पुढे जाते आणि बोल्ट तिच्या मागून. त्यामुळे धक्का जणू दोन टप्प्यांत बसतो. उडत्या पक्ष्यामागे फिरविताना जड नळी मध्येच थबकत नाही, हा गुण निराळाच. माझ्या मते जुनीच अधिक शहाणी. पण मी नांगरटीतून सहा तास चाललेलो नाही.

ज्या पेट्या या यंत्रांवर कोरल्या जात, त्या कारखान्यातील सुमारे तीन हजार स्त्री कामगारांनी १९६६ साली ‘समान कामाला समान वेतन’ म्हणून बारा आठवडे संप केला. लिएजमध्ये बंदुकीपेक्षाही या संपाचा अभिमान अधिक दिसतो, आणि तो योग्यच आहे. पुढे १९७५-७६च्या सुमारास या बंदुकीचे मुख्य उत्पादन जपानमधील मिरोकू कारखान्याकडे गेले.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्यांची वाटही बंद झाली, हे फार चांगले झाले. तरी बडोदे-ग्वाल्हेरकडच्या एखाद्या जुन्या घरात कुबडाची बारा बोअर आजोबांच्या नावाने उरलेली असू शकते. तिच्या पोटातील एका कड्याची गोष्ट म्हणून सांगण्यासारखी आहे. नळीच्या मागे येण्याला आवर घालणारे हे कडे भारी काडतुसांसाठी स्प्रिंगच्या पुढे आणि हलक्या काडतुसांसाठी मागे बसवावे लागते. येथे ‘हलके’ हा शब्द काडतुसाला उद्देशून आहे, बंदुकीला नव्हे. पण घोटाळा नेमका येथेच होतो.

कारागिराने दोन्ही बंदुकांचे पुढचे लाकूड उतरविले. जड बंदुकीचे कडे स्प्रिंगच्या पुढे, जागच्या जागी होते. हलकीचे मागे होते, आणि तिच्या लाकडाच्या आतल्या बाजूस केसाएवढी चीर गेलेली दिसत होती. ती नखाने चाचपून त्याने विचारले, “भारी काडतुसे कोणी उडविली?”