चिखलदऱ्याचे बंगले

चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1118 मीटर उंच आहे. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा गाविलगडाच्या डोंगरावरचे हे पठार सुसह्य असते. 1823 मध्ये कॅप्टन रॉबिन्सनने ही जागा हेरली. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि साहेबलोक उन्हाळा काढायला परतवाड्यावरून घाट चढू लागले. त्यांच्या मुक्कामासाठी इथे बंगले उठले.

या धाटणीचा बंगला जोत्यापासून पाहत जावा. जोते उंच आणि काळ्या दगडाचे, म्हणजे पावसाळ्यातली ओल भिंतीत चढत नाही. भिंती हातभराहून जाड, चुन्यात बांधलेल्या. खालच्या मुलखातली वऱ्हाडी घरे धाब्याची, सपाट छताची. तिथल्या बेताच्या पावसाला ती पुरतात. सातपुड्याच्या कोसळत्या पावसात धाबे टिकत नाही. म्हणून इथे उभ्या उताराचे कौलारू छप्पर आले. वासे आणि तुळया सागाच्या, कारण मेळघाटचे सागवान पायथ्याशीच होते. 1865 मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती सपाट लाल कौले पुढे देशभर पसरली.

बंगल्याचा प्राण मात्र व्हरांड्यात. उन्हात कपाळावर धरलेल्या हातासारखे छप्पर त्याच्यावर खाली उतरते. दुपारची तिरीप खोलीच्या दारापर्यंत पोचत नाही, पावसाची झडही बाहेरच अडते. मधल्या उंच खोलीच्या भिंतीत छताजवळ झरोके असतात. तापलेली हवा त्यांतून निघून जाते आणि व्हरांड्यातली गार हवा दारांतून आत येते. साहेबाचे कामकाज याच व्हरांड्यात, लांब हातांच्या वेताच्या खुर्चीजवळ चाले. अर्जदार पायरीखाली उभा असे. सावली सर्वांसाठी नव्हती, हे या देखण्या वास्तूकडे पाहताना विसरता येत नाही.

मागच्या बाजूचा आराखडाही हेच सांगतो. न्हाणीघराला बाहेरून वेगळे दार असे. पाणी भरणारा आणि सफाई करणारा तिथूनच ये-जा करी, साहेबाच्या खोलीतून नाही. स्वयंपाकघर तर बंगल्यापासून सुटे, धूर आणि वास लांब राहावा म्हणून. खानसामा ताटे झाकून अंगण ओलांडी.

असे बंगले पुढे पर्यटक निवास झाले. इंग्लंडातली मोठी घरे हॉटेले झाली ती वेगळ्या वाटेने. चार्ल्स बॅरीने 1851 मध्ये आराखडा दिलेल्या क्लिव्हडनसारख्या वाड्यांमागे पिढीजात घराणी होती. वारसाकर आणि नोकरांचा खर्च पेलेना, तेव्हा घरे हातची गेली. मेळघाटच्या बंगल्यांना असा वारसच नव्हता. त्यात राहणारा प्रत्येक जण बदलीवर आलेला. घर मुळातच मुक्कामाचे असल्याने त्याचे पर्यटक निवास होणे सोपे गेले. मेळघाट 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. सिपना नदीकाठच्या कोलकासच्या वन विश्रामगृहात आता अकोल्याचा शिक्षक किंवा दर्यापूरचा कापूस उत्पादक आरक्षण करून राहू शकतो. या वास्तूंच्या इतिहासातली ही सर्वांत चांगली घटना.

रूपांतराने काही नुकसानही होते. मोठ्या खोलीत आडभिंत घालून दोन खोल्या काढल्या, की झरोके एकीकडे आणि दारे दुसरीकडे राहतात, वारा थांबतो. खाटा वाढवण्यासाठी व्हरांडा काचेने बंद केला, तर भिंती तापून पंखे आणि यंत्रे बसवावी लागतात. न्हाणीघर आतून जोडणे, गरम पाण्याची सोय करणे, विजेच्या तारा नीट ओढणे हे बदल योग्यच आहेत. वास्तूला त्याने धक्का लागत नाही. कौलांऐवजी पत्रे घालणे मात्र महाग पडते: पावसाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही आणि उन्हाळ्यात खोली भाजते. मृगापूर्वी शाकारणी करायची, फुटकी कौले बदलायची, वाळवी लागलेला वासा वेळीच काढायचा, एवढ्या देखभालीवर सागाचा सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो. त्यासाठी कौले चढवणारे हात तालुक्यात टिकले पाहिजेत आणि त्यांच्या मजुरीची तरतूद दरवर्षीच्या खर्चात असली पाहिजे.