मोडीतला हिशेब

माझ्या सासूबाईंची काटकसर सगळ्या नात्यागोत्यात ठाऊक होती. कोथिंबिरीच्या जुडीमागे आठ आणे कमी करून घेतल्याशिवाय त्या पिशवी पुढे करायच्या नाहीत. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून विकायच्या. पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवायच्या. १९८४ साली मी या घरात आले, तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, तारखांच्या चौकोनांत, त्यांनी पेन्सिलीने काढलेली बारीक वळणं बघत होते. दूध, इस्त्री, गॅस. शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा त्या आपल्या खुणा करून ठेवतात, असं सगळेच धरून चालले होते. वर्ष संपलं की कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर जायचं. रद्दीचा एक पैसा न सोडणाऱ्या सासूबाई ती कॅलेंडरं मात्र रद्दीत घालू देत नसत.

पुढे सातारा जिल्ह्यातल्या गावच्या जमिनीवरून चुलत सासऱ्यांनी दावा लावला. वकिलांनी जुनं खरेदीखत मागितलं. ट्रंकेत सापडलं, पण मोडीतलं. मोडी वाचणारं कोण मिळतंय, म्हणून फोनाफोनी सुरू झाली. सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या. "आण बघू इकडं," म्हणाल्या. चष्मा पुसला आणि न अडखळता वाचायला लागल्या.

मोडीत आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे संपलं, काही कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही. आम्हाला दिसत होती नुसती गुंतवळ, आणि त्या चतुःसीमा सांगत होत्या: पूर्वेस ओढा, दक्षिणेस गावठाणाची वाट... एका जागी थांबून त्यांनी बोट टेकवलं. "इथं मागाहून लिहिलंय. शाई निराळी आहे." वकिलांना पुढे तेच कामी आलं. नाना, म्हणजे माझे सासरे, सगळा जन्म रेल्वेच्या नोकरीत गेलेले. त्यांनीसुद्धा आपली बायको मोडी वाचताना त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली.

सासूबाईंचे वडील गावचे कुलकर्णी. त्यांचे डोळे अधू झाले, तसे ते थोरल्या लेकीला शेजारी बसवून दप्तर लिहून घेऊ लागले. खाती, फाळणी, वसुली, सगळं ती दहा-अकरा वर्षांची पोर लिहायची. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली कुलकर्णी वतनं रद्द झाली, शाळांतूनही मोडी गेली. मुलीचं लग्न झालं. सासरी कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मला याचा आजही राग येतो. एवढी विद्या अंगात, आणि तिच्या वाट्याला काय आलं, तर दुधाच्या हिशेबाचा चौकोन!

नाना गेल्यानंतर मी सासूबाईंकडून मोडी शिकले, दुपारी मागचं आवरलं की. शिकवायला कडक होत्या. वळण चुकलं की पान पुन्हा लिहायला लावायच्या. जरा जमायला लागल्यावर मी माळ्यावरची कॅलेंडरं खाली काढली. दूध आणि इस्त्री होतीच. पण महिन्याच्या शेवटी उरणाऱ्या मोकळ्या चौकोनांत दुसरंच खातं होतं. धुणंवाल्या बाईंना बाळंतपणासाठी तीनशे. शेजारच्या मुलाची परीक्षेची फी. कुणाच्या तरी चष्म्याचे पैसे. रकमा लहान, पण वर्षानुवर्षं चाललेल्या, आणि बहुतेकींपुढे जमेची नोंदच नाही. कोथिंबिरीतले ते आठ आणे कुठे जात होते, ते मला मोडी शिकल्यावर कळलं.

एका नावाशी मी थांबले. आपण चुकीचं वाचतोय असं वाटलं, म्हणून अक्षर अक्षर सोडवलं. दावा लावणाऱ्या त्याच चुलत सासऱ्यांच्या मुलीचं नाव. नर्सिंगच्या शिक्षणाची फी, ओळीने तीन जून महिन्यांत. त्यातले दोन हप्ते तर दावा दाखल झाल्यानंतरचे, घरात त्या माणसांचं नावही काढायची बंदी होती तेव्हाचे.

कॅलेंडर घेऊन मी त्यांच्यापुढे बसले. "आई, हे नानांना ठाऊक होतं?"

"त्यांना मोडी कुठं येत होती?" त्या म्हणाल्या आणि पुढचा महिना उलटला.