अंगठ्याएवढा वाघ

आमच्या मराठवाड्यातल्या जळकोटला बेडूक म्हणजे धोंडी. पाऊस ओढला की काठीला बेडूक बांधायचा, लिंबाचा पाला लावायचा आणि दारोदार त्याच्यावर पाणी ओतून घ्यायचं. तो बेडूक कोणत्या जातीचा, हे कोण विचारतंय!

आणि मग मी गेलो सह्याद्रीच्या घाटात, आंबोलीला. आमच्याकडे वर्षाला सातआठशे मिलिमीटर पडला तरी सुगी. तिथे सात हजारांच्या पुढे! भर पावसात, चिऱ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, वीतभर पाण्याच्या खळग्याशी विजेरीच्या उजेडात तो दिसला. अंगठ्याएवढा, कुशीवर वाघासारखे पिवळसर पट्टे. आंबोली टोड. मी ओरडलोच. आंबोली आणि आसपासचा टापू सोडला तर जगात कुठेही नाही हो हा! खळगं आटायच्या आत पिल्लांनी बेडूक व्हायचं, एवढीच मुदत.

त्याच्या घराण्याची गोष्ट तर आणखी भारी. त्याचा कोयनेचा भाऊबंद संशोधक सोमणांनी १९६३ सालीच नोंदवला होता, पण ‘बूफो’ या जगभर पसरलेल्या गोतावळ्यात. २००९ साली बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी आंबोलीचा टोड नवी जात म्हणून जाहीर केला, आणि डीएनए ताडून पाहिल्यावर या दोघांसाठी ‘झँथोफ्राइन’ हा अख्खा नवा जीनस करावा लागला. सेहेचाळीस वर्षं चुकीच्या आडनावाने वावरला की बिचारा कोयनेचा!

आंबोलीचा आज ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. रात्री ओल्या डांबरावर येणारे बेडूक आणि पावसाळी पर्यटकांच्या गाड्या, पुढचं सांगायला नको. पण मला झपाटलं ते निराळ्याच गोष्टीने. नुसती डोकी मोजून भागत नाही! दुष्काळात बियाण्याला जोंधळ्याचं एकच कणीस उरलं, तर पुढे रान भरून पीक दिसेल, पण सगळं एकाच वाणाचं. एक रोग आला की साफ. बेडकांचंही तसंच. लहान, तुटक वस्तीत काही जनुकं निव्वळ योगायोगाने गळतात, नात्यातच जोड्या जमतात, आणि हे वरून दिसतच नाही. तोंडात कापसाचा बोळा फिरवून किंवा टॅडपोलच्या शेपटीचं टोक घेऊन (ते पुन्हा वाढतं!) डीएनए वाचला, तर कोणत्या दोन सड्यांमधली ये-जा तुटलीय ते कळू शकतं. मग नेमकी तीच वाट राखायची. ‘चार बेडूक उचलून दुसरीकडे सोडा’ हा उत्साही सल्ला मला आता धोक्याचा वाटतो. वेगळ्या झालेल्या वस्त्या न तपासता मिसळायच्या कशा?

आणि हे फक्त घाटाचं नाही! पुणे जिल्ह्यातून २०१७ साली ‘स्फीरोथिका पश्चिमा’ ही मातीत गाडून घेणाऱ्या बेडकाची नवी जात नोंदवली गेली, तीही डीएनएच्या आधाराने. आमच्या बालाघाटाच्या डोंगरातही तसे गाडून घेणारे आहेतच की. ते नेमके कोण, हे आता मला कळल्याशिवाय राहवणार नाही.