उतारशाळेचा रक्षक

चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगताना त्यातल्या एका माणसाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला प्रवासी, त्याला पाहूनही बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि थांबलेला परका शोमरोनी, एवढी माणसे संडे स्कूलपासून मुलांना पाठ असतात. पण लूककृत शुभवर्तमानातली ती गोष्ट तिथे संपत नाही. शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, तिथे त्याची काळजी घेतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने निघून जातो. निघताना उतारशाळेच्या रक्षकाला दोन दीनार देतो आणि जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन, असा शब्द देतो. शोमरोन्याची स्वतःची सेवा एका रात्रीची आहे. पुढचे सगळे दिवस तो जखमी त्या रक्षकाच्या भरवशावर आहे. अमेरिकेतल्या चर्चचे तरुण संघ दर उन्हाळ्यात आठवडाभरासाठी एखाद्या मोठ्या शहरात सेवेला जातात, त्यांचा विचार करताना मला हा रक्षक सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा फेरीचे मोल किती भिंती रंगवल्या यावर ठरवू नये. रक्षकाला गाठले का, आणि परत येण्याचा शब्द पाळला का, हे विचारावे.

न्यू ऑर्लिन्सचे उदाहरण घेऊ, कारण तिथे या फेऱ्यांची दोन्ही अंगे स्पष्ट दिसतात. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ आले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. वादळ निसर्गाचे होते. शहरात पाणी शिरले ते मात्र कालव्यांच्या भिंती आणि बांध फुटल्यामुळे, आणि बांधांच्या रचनेत दोष होता हे ते बांधणाऱ्या लष्करी अभियंता विभागानेच २००६ मध्ये मान्य केले. पाणी कित्येक आठवडे घरांत तुंबून राहिले. ते ओसरल्यावर उरली काळ्या-हिरव्या बुरशीने भरलेली घरे, चिखलात फुगलेल्या गाद्या आणि आत अन्न सडलेले बंद फ्रिज. अशा घराचा लाकडी सांगाडा वाचवायचा तर आतले सगळे बाहेर काढावे लागते: सामान, फरशीचे थर, भिजलेले भिंतीचे बोर्ड, एकेक खिळा. या कामाला कारागिरी फारशी लागत नाही, हात मात्र खूप लागतात. इथे पहार, फावडे घेऊन आणि तोंडाला मास्क लावून आलेल्या हजारो परगावच्या स्वयंसेवकांनी, आणि त्यांत चर्चच्या गटांचा वाटा मोठा होता, खरोखर मोलाचे काम केले. वय झालेल्या घरमालकिणीला एकटीने जे वर्षभरात जमले नसते, ते दहा-बारा तरुण काही दिवसांत करून देत. कामाची गरज आणि येणाऱ्याची कुवत इतकी जुळून येणे दुर्मीळ असते, म्हणून ज्यांना अशा फेऱ्या सरसकट निरुपयोगी वाटतात, त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही.

पण साफ केलेले घर रिकामेच राहिले, तर? लोअर नाइन्थ वॉर्ड हा शहरातला मुख्यतः कृष्णवर्णीयांचा भाग. तिथे भाडेकरूंपेक्षा स्वतःच्या घरात राहणारे जास्त होते, आणि कितीतरी घरे आजोबा-पणजोबांकडून चालत आलेली, कागदावर नाव न चढलेली. लुइझियाना राज्याने केंद्राच्या पैशातून ‘रोड होम’ नावाची मदत योजना आणली. तिच्यात अनुदान ठरवताना घर पुन्हा बांधायचा खर्च आणि वादळापूर्वीची घराची किंमत, यांतली कमी असेल ती रक्कम धरली जाई. विटा, लाकूड आणि सुताराची मजुरी शहरभर सारखीच, पण कृष्णवर्णीय वस्तीतल्या घराचा बाजारभाव आधीपासूनच कमी. म्हणजे तसेच घर, तेवढेच नुकसान, आणि हाती येणारी रक्कम मात्र अपुरी. यावर २००८ मध्ये न्यायालयात दावा दाखल झाला आणि २०११ मध्ये तडजोडीने ६ कोटी २० लाख डॉलर आणखी देण्याचे ठरले. तोवर अनेक कुटुंबे टेक्ससमध्ये किंवा जॉर्जियात कायमची स्थिरावली होती. भिंतीचा बोर्ड उपटणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला त्या भिंतीत हे सूत्र दिसत नाही. कितीही घाम गाळला तरी दिसणार नाही. ते त्याला कुणीतरी सांगावे लागते, आणि सांगू शकतो तो त्या वस्तीतला पाळक, तिथली शिक्षिका, कागदपत्रे घेऊन कचेऱ्यांत खेटे घालणारी घरमालकीण. उतारशाळेचा रक्षक मी म्हणतो तो हाच. ज्या संघाने दिवसभर काम करून संध्याकाळी या लोकांसमोर बसून ऐकले, त्याची फेरी सार्थकी लागली. ज्याने आपल्याच गिटारभोवती आपलीच गाणी म्हटली, त्याने शहर पाहिले नाही.

यावर सर्वांत टोकदार आक्षेप पैशाचा आहे आणि तो डावलता येणार नाही. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये घरे बांधायला उत्तर अमेरिकेतून ख्रिस्ती गट गेले होते. त्यांच्या कामाचा अभ्यास तिथेच राहणाऱ्या कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने केला. प्रवासखर्च धरता एका गटाला एक घर सुमारे ३० हजार डॉलरला पडले. तेच घर स्थानिक ख्रिस्ती संस्था सुमारे २ हजार डॉलरमध्ये बांधत होती. त्याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष पुढचा आहे. या फेरीने आपण बदललो असे परतलेल्यांपैकी बहुतेकांनी सांगितले, पण त्यांच्या देणग्यांच्या नोंदी पाहिल्या तर बदल फारसा आढळला नाही. मग पैसेच पाठवावेत, माणसे घरी राहावीत, असे कुणी म्हणेल. हिशेबाने ते बरोबर आहे, आणि जिथे स्थानिक हात तयार असून रोजगाराअभावी रिकामे बसले आहेत, तिथे माझेही मत तेच आहे. १९६८ मध्ये इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना याहून कठोर शब्दांत सुनावले होते: पाहायला या, शिकायला या, पण आम्हाला मदत करायला येऊ नका. त्याचा मुद्दा असा की, ज्यांची भाषाही येत नाही अशांच्या दारात तुम्ही जाता, तेव्हा तुम्ही नको आहात हेसुद्धा ते तुम्हाला सांगू शकत नाहीत. मला इलिचचे म्हणणे पटते, आणि त्यातच या फेऱ्यांचा मार्गही दिसतो. त्याने येण्याला नकार दिलेला नाही, दात्याच्या भूमिकेला दिला आहे. मी शिकायला आलो आहे असे जो मनापासून मानतो, तो आपल्या शिक्षणाचा खर्च गरिबाच्या खात्यावर टाकत नाही आणि तीस हजारांचे घर बांधून दिल्याचे समाधानही मिरवत नाही.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि मला तो पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. दुसऱ्याचे दुःख हे आपल्या मुलांचे पाठ्यपुस्तक करावे का? याचा विचार करताना मराठीतला ‘श्रमसंस्कार’ हा शब्द मला मदत करतो. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला तरुणांची जी छावणी सुरू केली, तिचे नाव श्रमसंस्कार छावणी. त्या नावात कुणाचा उद्धार करण्याचा दावा नाही. श्रम करणाऱ्यावर संस्कार होतो, एवढेच ते सांगते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात खेड्यात बंधारा घालणाऱ्या आपल्या महाविद्यालयीन मुलांनाही हीच कसोटी लागू होते. हा प्रश्न केवळ ख्रिस्ती नाही की अमेरिकी नाही. दुःखाचे पुस्तक होते ते आपण गुपचूप वाचून निघून गेलो की. काम त्या वस्तीने ठरवले, शिकवणाऱ्याला शिक्षकाचा मान आणि मानधन मिळाले, संमतीवाचून कुणाच्या मोडक्या घरासमोर फोटो काढले नाहीत, तर ते दोन माणसांमधले देणे-घेणे राहते. प्रभूची आज्ञा आहे म्हणून सेवा करावी, परिणाम त्याच्या हाती, असे श्रद्धावंत म्हणतील. त्या श्रद्धेचा मला आदर आहे, पण शोमरोन्यानेही परिणाम वाऱ्यावर सोडला नव्हता. त्याने पैसे मोजून दिले आणि हिशेबाला परत येण्याचे कबूल केले.

रक्षकासारखे तिथेच राहणाऱ्याचे मोल मुंबईला ठाऊक असायला हवे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ मध्ये शिकागोहून आले, त्यांनी दाटीवाटीच्या कामगार वस्तीत नागपाडा नेबरहूड हाउस उभारले आणि ते तिथेच काम करीत राहिले. हौशी सेवेला मर्यादा आहेत, शिकलेले पूर्णवेळ कार्यकर्ते हवेत, या जाणिवेतून १९३६ मध्ये त्याच वास्तूत सामाजिक कार्याचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.

प्रत्येक तरुणाने मॅन्शार्ट व्हावे अशी अपेक्षा कुणी करू नये. बहुतेकांना शाळा आहे, घर आहे, परतायचे आहे. म्हणून परत येण्याचा शब्द मुलाच्या वतीने मंडळीने द्यायचा असतो: त्याच शहरात, त्याच वस्तीत, त्याच पाळकाकडे, बोलावले तर दहा वर्षे. दर वर्षी नवे शहर निवडणे थांबवा, असे मी प्रत्येक मंडळीला सांगेन. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्चचा राष्ट्रीय युवा मेळावा २००९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला भरला, तेव्हा ३५ हजारांहून अधिक जण आले आणि त्यांनी शहरभर कामे केली. २०१२ मध्ये हा मेळावा पुन्हा तिथेच भरला, आणि २०२४ मध्ये आणखी एकदा. प्रत्येक वेळी मुले नवी होती, हे खरे. पण २००९ मध्ये सोळा वर्षांची असलेली मुले तोवर एकतीस वर्षांची झाली होती, आणि ‘रोड होम’सारख्या योजनांचे नियम ठरवणारी सरकारे आता त्यांच्याही मतांवर निवडून येतात.