जोडासांकोचा सुतार

मराठीतला ‘रंधा’ आणि बंगालीतला ‘रँदा’ ही एकाच फारसी शब्दाची दोन रूपे होत. मराठी करवत बंगालमध्ये ‘करात’ होते, आणि खुद्द सुतार तेथे ‘छुतोर’ म्हणून ओळखला जातो. ‘सुतार’ आणि ‘छुतोर’ या दोन्ही नावांच्या मुळाशी सूत्र आहे. लाकडावर रंगात भिजवलेले सूत ताणून रेघ उमटवायची आणि त्या रेघेवरून करवत चालवायची, हे ज्याचे काम तो सूत्रधार. मराठी वाचकाला सूत्रधार म्हटले की नांदीनंतर रंगमंचावर येणारा, नटीला हाक मारणारा पुरुष आठवतो. बंगालमध्ये मात्र ‘सूत्रधर’ हे आजही लाकूडकाम करणाऱ्या जातीचे नाव आहे. एकाच शब्दाचे एक टोक रंगभूमीच्या उजेडात आणि दुसरे भुशाच्या ढिगात असावे, यात आपल्या सांस्कृतिक इतिहासाचा बराचसा भाग येऊन जातो.

कोलकात्यात लाकडाला कधी तोटा नव्हता. हुगळीच्या काठी, निमतला घाटाच्या परिसरात, लाकडाच्या वखारी पिढ्यानपिढ्या चालत आल्या. ब्रह्मदेशातील सागवान समुद्रमार्गे या शहरात उतरत असे. बोबाजारची फर्निचरची दुकाने प्रसिद्धच आहेत. तोटा होता तो निराळ्याच गोष्टीचा. एकोणिसाव्या शतकातल्या बंगाली भद्रलोकाने लेखणीला जे स्थान दिले ते पटाशीला दिले नाही. खुर्ची कोणत्या लाकडाची हे त्याला ठाऊक असे, ती कशी सांधली आहे हे नसे. याबाबतीत मराठी पांढरपेशा वर्गाने बंगाल्यांकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेतली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान थाटणारे आणि पुढे लोखंडी नांगर घडवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर हे आपल्याकडेही अपवादच होते. त्यांची किर्लोस्करवाडी 1910 सालची. अपवादाची वसाहत झाली, नियम मात्र फारसा बदलला नाही.

बंगालमधील असा एक अपवाद भगवानचंद्र बसू यांचा. हे सरकारी अधिकारी वर्धमान येथे असताना, 1870च्या सुमारास, त्या भागात तापाची भयंकर साथ आली आणि अनेक मुले पोरकी झाली. भगवानचंद्रांनी आपल्या राहत्या घराच्या आवारातच कार्यशाळा उघडली. तिच्यात सुतारकाम होते, धातूचे कातकाम होते, ओतकाम होते. हेतू पोरक्या मुलांना हाताला काम मिळावे एवढाच होता. पण त्या कार्यशाळेत घरातला एक मुलगाही वावरत होता. त्याचे नाव जगदीशचंद्र. पॅट्रिक गेडिस यांनी 1920 साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात, जुन्या पितळेपासून तेथे ओतवून घेतलेल्या एका छोट्या तोफेची हकिकत आली आहे. खेळण्यातल्या तोफेचे फारसे महत्त्व नाही. महत्त्वाचे हे की, वस्तू ‘होते’ कशी, हे या मुलाने पुस्तकात वाचण्याआधी पाहिले होते आणि ज्यांच्या हातून ती होत होती ती माणसे त्याच्या घरच्या अंगणातली होती.

या अंगणाचे ऋण पंचवीस वर्षांनी फिटले. जगदीशचंद्र 1885 साली प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाले, तेव्हा संशोधनासाठी तेथे प्रयोगशाळा म्हणावी असे काही नव्हते. स्नानगृहालगतच्या एका चिंचोळ्या जागेत त्यांनी 1894पासून विद्युत्-तरंगांवरचे काम आरंभले. उपकरणे विकत आणण्याची सोय नव्हती. ती एका स्थानिक पत्रेकाऱ्याला हाताशी धरून घडवली गेली. त्या तरंगांची लांबी काही मिलिमीटर इतकी अल्प होती आणि म्हणूनच सगळा संच एका मेजावर मावेल एवढा आटोपशीर झाला. तरंगांचे ध्रुवण करण्यासाठी त्यांनी काय वापरावे? रेल्वेचे एक जाडजूड वेळापत्रक, ज्याच्या पानांमध्ये कथलाचे पातळ पत्रे घातले होते. आणि ध्रुवणाची पातळी फिरवण्यासाठी पिळलेला ताग! बंगालच्या शेतात उगवणारा आणि हुगळीकाठच्या गिरण्यांत पोती होणारा ताग लंडनच्या विद्वानांपुढे प्रकाशशास्त्राचा पुरावा म्हणून उभा राहिला, याची गंमत खुद्द जगदीशचंद्रांना वाटली असेल की नाही कोण जाणे. जानेवारी 1897मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभागृहात त्यांनी हीच घरगुती उपकरणे मांडली. पुढे 1917 साली त्यांनी बसू विज्ञान मंदिर स्थापन केले, तेव्हा वनस्पतींची सूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारे ‘क्रेस्कोग्राफ’सारखे यंत्रही देशी कारागिरांच्याच हातून घडले होते.

जगदीशचंद्रांचे नाव जगभर झाले. पत्रेकाऱ्याचे नाव मात्र ग्रंथांतून ‘एक अशिक्षित पत्रेकारी’ एवढेच उरले. हे खटकावे असे आहे आणि ते खटकले नाही तर या सगळ्या इतिहासाचे वाचन अपुरे राहते.

घरात कार्यशाळा मांडू पाहणाऱ्या सुशिक्षितासमोर पहिला प्रश्न हत्यारांचा नसतो, बैठकीचा असतो. आपला परंपरागत सुतार जमिनीवर बसतो. लाकूड तो पायाने धरतो. अंगठा आणि टाच हाच त्याचा शिकंजा. त्याची सगळी कार्यशाळा एका पिशवीत मावते: करवत, वाकस, रंधा, दोनचार पटाशा, गुण्या, सामता. ज्या अंगणात तो बसेल ते अंगण त्याची कार्यशाळा होते. शाळेत बाकावर वाढलेल्या माणसाला हे साधत नाही. त्याला उभे राहून काम करायचे असते. त्यासाठी मेज लागते, मेजाला शिकंजा लागतो. पण ते मेज करायला आधी मेज हवे! घरी लाकूडकाम करू पाहणारा प्रत्येक हौशी माणूस या चक्रातून जातो. पहिली वस्तू तो घरासाठी करीत नाही, हत्यारांसाठी करतो. काटकोनात कापण्याचा साचा, रंधा चालवताना फळी अडवणारी पट्टी, सांधा सुकेपर्यंत दाबून धरणारी लाकडी पकड या त्याच्या आरंभीच्या कृती असतात आणि त्या दिवाणखान्यात कधी मांडल्या जात नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाला हे नवे वाटू नये. प्रत्येक समर्थ लेखक आधी आपली भाषा घडवतो, मग त्या भाषेत ग्रंथ घडवतो; पहिल्या कष्टाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

जोडासांकोच्या ठाकूर घराण्यात ही हौस एका पिढीआधीच शिरली होती. ज्योतिरिंद्रनाथांच्या स्वदेशी मंडळीने काडेपेट्या आणि माग यांचे जे प्रयोग केले, त्यांचे मिश्किल वर्णन रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत केले आहे. एका पेटीच्या खर्चात वर्षभर चूल पेटावी अशा त्या काड्या होत्या, आणि मागावरून निघाले ते एक पंचासारखे वस्त्र. वस्तू नापास झाली, उत्साह उत्तीर्ण झाला. त्या काळच्या स्वदेशीत हातापेक्षा हृदय पुढे होते.

हात पुढे आला तो रथींद्रनाथांच्या रूपाने. रवींद्रनाथांचे हे थोरले चिरंजीव 27 नोव्हेंबर 1888 रोजी जोडासांकोत जन्मले. वडिलांनी त्यांना ऑक्सफर्डला धाडले नाही. 1906 साली शेतीचे शास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात धाडले. 1909 साली पदवी घेऊन ते परतले आणि शिलाइदहच्या जमीनदारीत मक्याचे बियाणे, सुधारलेली अवजारे, मातीच्या परीक्षणाची छोटी प्रयोगशाळा असे सगळे त्यांनी मांडले. ते फळाला येण्याआधीच वडिलांच्या संस्थेने त्यांना बोलावून घेतले. त्यानंतरची चार दशके ते विश्वभारतीचे कारभारी होते. हिशेब, बांधकामे, पाहुणे, परदेश दौऱ्यांची व्यवस्था, देणग्यांची ओढाताण. जगाला कवी हवा होता. कवीला घर चालवणारा मुलगा हवा होता. रथींद्रनाथांच्या आयुष्याचे हे वर्णन कठोर वाटेल, पण 1958 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी आत्मकथनाच्या शीर्षकातच काळाच्या काठावर राहिल्याची जाणीव आहे, आणि त्या ग्रंथात त्यांच्या स्वतःपेक्षा वडिलांचीच कथा अधिक आहे.

त्यांची स्वतःची जागा एकच होती. शांतिनिकेतनात उत्तरायणाच्या बागेत, पाण्याच्या कडेला, एक बुटकी वास्तू आहे. तिचे नाव गुहाघर. वरच्या अंगाला प्रतिमादेवींचे चित्रभानू हे चित्रगृह, आणि खाली रथींद्रनाथांची कार्यशाळा. या गुहेत ते लाकडावर काम करीत. पेट्या, तबके, मेजे त्यांनी तेथे घडवली. चामड्यावरील नक्षीकामही त्यांनी केले आणि शांतिनिकेतनात रुजवले. आपण कलावंतांच्या घरात जन्मलो, विज्ञान शिकलो आणि काम मात्र मोची-सुताराचे केले, अशा आशयाचे त्यांचे स्वतःविषयीचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यात विनोद आहे, खंतही असावी. अभिमान मात्र निश्चित आहे.

जडावाचे काम ही त्यांची खरी विद्या. एका लाकडात दुसऱ्या लाकडाचा तुकडा असा बसवायचा की बोट फिरवले तरी सांधा कळू नये आणि डोळ्यांना मात्र चित्र दिसावे. रंग लावायचा नाही. लाकडांचे जे मूळ रंग, तेच रंगपेटीतले रंग. सागवानाचा मध, शिसवीचा काळोख, फणसाचा पिवळेपणा. रेषांची दिशा बदलली की एकाच लाकडाच्या दोन छटा होतात, हे ज्याला दिसते त्यालाच हे काम साधते. शिवाय लाकूड मेलेले नसते. बंगालच्या पावसाळ्यात ते ओल पिऊन फुगते, हिवाळ्यात आक्रसते. कोलकात्यातल्या जुन्या कपाटांचे खण श्रावणात उघडत नाहीत आणि माघात खुळखुळतात. दोन जातींची लाकडे तर एकाच मापाने फुगत नाहीत. म्हणजे जडाव करणाऱ्याने आजच्या लाकडाचे नव्हे, सहा महिन्यांनंतरच्या लाकडाचे माप धरून पटाशी चालवायची. इलिनॉयमध्ये मातीतील ओल मोजायला शिकलेला माणूस येथे लाकडातील ओल ओळखत होता, असे म्हटले तर ते फार ओढून ताणून होणार नाही.

याच काळात, आसमंतातच, वडील चित्रकार झाले होते. हस्तलिखितांतल्या खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता रवींद्रनाथांच्या चित्रांतले ते विलक्षण प्राणी जन्मले, आणि 1930 साली पॅरिसमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले. पित्याची चित्रकला खोडण्यातून निर्माण झाली. पुत्राने असे माध्यम निवडले होते ज्यात खोडता येत नाही. चुकलेला छेद लाकडात कायम राहतो. तो झाकायचा तर संपूर्ण तुकडाच टाकावा लागतो. या दोन वृत्तींतली कोणती श्रेष्ठ, हा प्रश्न येथे गैरलागू आहे. पण ज्या अंगणात प्रत्येक झाड, प्रत्येक वास्तू, प्रत्येक ऋतू कवीच्या शब्दांनी आधीच व्यापला होता, तेथे मुलाला स्वतःसाठी निःशब्द असे काहीतरी हवे असणार. आणि रंधा चालत असताना बोलावे लागत नाही.

घराण्यातच याच्या नेमकी उलट वाटही होती. अवनींद्रनाथ उतारवयात ‘काटुम-कुटुम’ करू लागले. मोडकी फांदी, बांबूचे बुडखे, झाडाचे मूळ उचलायचे आणि त्यात दडलेला पक्षी किंवा प्राणी ओळखायचा. जमेल तेवढे कमी कापायचे. सांधा नाही, गुण्या नाही, माप तर नाहीच. जोडासांकोचे घर सुटल्यानंतर बारानगरच्या गुप्तनिवासातही त्यांचा हा खेळ चालू होता. ते 1951 साली निवर्तले. रसिकांना अवनींद्रनाथांचे हे खेळ अधिक भावतात, कारण त्यांत प्रतिभा उघड दिसते. रथींद्रनाथांच्या पेटीत दिसतो तो संयम, आणि संयमाची वाखाणणी करायला आपली समीक्षा फारशी शिकलेली नाही.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. जमीनदाराच्या मुलाने आवडीने रंधा हाती घेणे आणि सूत्रधराच्या मुलाने पोटासाठी घेणे, या गोष्टी एक नव्हेत. पहिल्याला गुहाघरातून केव्हाही बाहेर पडता येते. श्रीनिकेतनात 1922पासून हस्तव्यवसायांना शिक्षणात जी जागा मिळाली, आणि 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगालाच शिक्षणाचे केंद्र मानले, त्यामागे ही दरी बुजवण्याची इच्छा होती. ती किती बुजली हे बोबाजारच्या दुकानांमागे पॉलिश करीत बसलेल्या माणसांना विचारावे. तरीही रथींद्रनाथांच्या कामाला हौस म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. सुताराचे काम सुताराच्याच कसोटीवर उतरावे, हा आग्रह त्यांनी धरला आणि हौशी माणूस नेमका तेथेच हात आखडता घेतो.

रवींद्रनाथ 7 ऑगस्ट 1941 रोजी जोडासांकोत निवर्तले. निमतला घाटाकडे लोटलेल्या अफाट गर्दीत रथींद्रनाथांना चितेपर्यंत पोहोचता आले नाही. मुखाग्नी दुसऱ्याच्या हातून झाला. पुढे 1951 साली विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले आणि ते तिचे पहिले उपाचार्य झाले; दोनच वर्षांत त्यांनी ते पद सोडले आणि शांतिनिकेतनही सोडले. देहरादूनला घर केले. पित्याच्या जन्मशताब्दीचे सोहळे देशभर चालू असताना, 3 जून 1961 रोजी, तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांनी केलेल्या काही वस्तू आजही जतन केलेल्या आहेत. त्यांच्या झाकणांवरचे सांधे अजून मिटलेले आहेत.