दार उघडण्यापूर्वी

गेल्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. सातवीतल्या नातीला सोडण्यासाठी मी मोटार घेऊन शाळेपाशी गेले. फाटकासमोर नेहमीची गर्दी होती. मी गाडी डाव्या कडेला लावली आणि तिचे दप्तर मागच्या आसनावरून काढून देण्याच्या घाईत माझ्या बाजूचे दार उघडले. पुढच्याच क्षणी दारावर काहीतरी आदळले. पाहते तो एक मुलगा सायकलीसह रस्त्यावर पडलेला. मागून त्या वेळी बस येत नव्हती, एवढेच त्याचे आणि माझे नशीब.

तो उठला. त्याने आधी सायकलीची साखळी तपासली, मग स्वतःचे मनगट. आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "सॉरी, आजी."

चूक माझी होती आणि क्षमा तो मागत होता. रस्त्यावर सायकल चालवणे हाच जणू अपराध, असे त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला कोणी शिकवले असेल? विचार करता उत्तर मिळाले: आम्हीच, मोटारीत बसणाऱ्या मोठ्या माणसांनी. मनगटाचे हाड मोडले होते. दवाखान्यात प्लास्टर घालून त्याला घरी पोहोचवले, तेव्हा त्याची आई मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "त्याला सायकल नको म्हणू तरी कशी? व्हॅनचे पैसे दर महिन्याला कुठून आणू?"

माझी नात गेली दोन वर्षे सायकलीने शाळेत जाण्याचा हट्ट करीत होती. शाळा घरापासून जेमतेम दोन किलोमीटरवर. "रस्ते फार धोक्याचे झाले आहेत, बाळ," असे सांगून मी तिला दर वेळी गप्प करीत असे. ज्या धोक्याची मी तिला भीती घालीत होते, तो धोका त्या सकाळी माझ्याच हाताने दार उघडून रस्त्यावर आला होता.

मी पुण्यातच वाढले. पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. माझे वडील सदाशिव पेठेतून खडकीच्या कारखान्यात रोज सायकलीने जात. संध्याकाळी कारखाना सुटला की सायकलींचा लोंढा शहराकडे निघे. सायकलीला महापालिकेचा बिल्ला लागे. अंधार पडल्यावर दिवा नसला किंवा कोणाला डबल सीट घेतले, तर पोलीस अडवीत. मी स्वतः तासावर भाड्याने आणलेल्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून, कैची मारत शिकले. त्या काळी स्वतंत्र सायकलमार्गाची गरज कोणाला भासली नाही, कारण रस्त्याची गतीच सायकलीची होती. पुढे स्कूटर आल्या, मोटारी आल्या, रस्त्याची गती बदलली. सायकलस्वार मात्र पूर्वीइतकाच उघडा राहिला.

त्या अपघातानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. आज सायकलींचा देश म्हणून नावाजलेल्या नेदरलँड्समध्येही मधल्या काळात मोटारींनी सायकलींना रस्त्यावरून हटवले होते. १९७१ साली तेथे रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. 'मुलांची हत्या थांबवा' अशी घोषणा देत आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने त्यांच्या म्हणण्याला बळ दिले. हळूहळू वेगळे सायकलमार्ग झाले, वस्तीतल्या रस्त्यांवर वेग कमी केला गेला आणि प्राथमिक शाळेतच मुलांना वाहतुकीचे शिक्षण देऊन प्रत्यक्ष रस्त्यावर त्यांची परीक्षा घेण्याचा प्रघात रुजला. २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेने, जेथे पादचारी व सायकलस्वार वाहनांत मिसळतात तेथे ताशी ३० किलोमीटर ही वेगाची कमाल मर्यादा सुचवली. कारण साधे आहे: माणसाकडून चूक होणारच, वेग कमी असेल तर त्या चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागत नाही.

पुण्याचाही सर्वंकष सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला. परंतु मुलाच्या पायांना लागतो तो कागदावरचा नव्हे, घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता. त्या मुलाचे प्लास्टर निघाल्यावर एका रविवारी त्याला, नातीला आणि एक वही घेऊन मी तो दोन किलोमीटरचा रस्ता पायी चालले. त्याने मला जे दाखवले, ते मोटारीतून मला कधीच दिसले नव्हते. सायकलमार्गावर उभ्या केलेल्या गाड्या. पावसाळी गटारावरची जाळी, जिच्या फटी रस्त्याच्या दिशेनेच असल्यामुळे सायकलीचे चाक आत अडकते. चौक येण्याआधीच अचानक संपणारा सायकलमार्ग. "इथे मी उतरून सायकल हातात धरून नेतो," तो म्हणाला. त्या चौकापुरते त्याला कोणी काही शिकवले नव्हते. तो घाबरत घाबरत शिकला होता.

वहीतल्या नोंदी आम्ही पालकांच्या सभेत मांडल्या. एक गृहस्थ म्हणाले, "मुलांना सायकलवर पाठवणे हाच मुळी बेजबाबदारपणा आहे." मी उभी राहिले आणि जूनमधली ती सकाळ सांगितली, दार कोणी उघडले तेही सांगितले. सभेत थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग ठरले की मुलांना सोडणाऱ्या मोटारी फाटकापासून दोनशे पावलांवर थांबतील. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला. चार खेपांनंतर जाळ्या बदलल्या. चौकातला मार्ग अजून तुटकच आहे. अर्ज पुन्हा दिला आहे.

दर रविवारी शाळेच्या मैदानावर आम्ही काही पालक आता मुलांना सायकल शिकवतो. नुसता तोल नव्हे. वळण्यापूर्वी मागे पाहणे, हात दाखवणे, उभ्या मोटारींपासून दाराएवढे अंतर ठेवणे, सिग्नलला बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूने पुढे न घुसणे. निघण्यापूर्वी ब्रेक, घंटी, हवा आणि मागचा लाल परावर्तक तपासणे. आणि मोठ्यांसाठीही एक धडा आहे: चालकाने आपल्या बाजूचे दार जवळच्या उजव्या हाताने नव्हे, तर डाव्या हाताने उघडावे. असे केले की अंग आपोआप वळते आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. डावीकडे बसणाऱ्याने उजवा हात वापरावा. ही सवय आज, याच घडीला, आपल्यापैकी प्रत्येकाला लावून घेता येईल.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नात पहिल्यांदा सायकलीने शाळेत गेली. तिच्यापुढे तोच मुलगा होता. चौकात दोघेही उतरले, सायकली हातात धरून पलीकडे गेले आणि पुन्हा स्वार झाले. मी कोपऱ्यावर उभी राहून पाहत होते. काळजी गेली आहे असे म्हणणार नाही. ती रोज सकाळी असते. पण आता ती घरात बसून राहत नाही. चौकाच्या अर्जाची पोच पिशवीत घालून ती माझ्याबरोबर कार्यालयाच्या पायऱ्या चढते. आपल्याही वस्तीत असा एखादा चौक असेल. एकदा मुलांबरोबर तेथवर चालत जाऊन पाहावे.